सगळं एका छपराखाली

माझा मामा कुलपांच्या गल्लीत जन्मला, तिथंच वाढला, पण आयुष्यात त्यानं एकही कुलूप बनवलं नाही. तसं पाहिलं तर आमच्या गल्लीत अख्खं कुलूप एकटा माणूस कधीच बनवत नसे. ओतारी पितळेची बॉडी ओतायचा. त्याच्या शेजारच्या घरांतल्या बायका ती कानशीनं घासून गुळगुळीत करायच्या. त्यांत माझी मामीही होती. समोरचे दोघे भाऊ कड्या कापून वाकवायचे. आमच्या घरी पुढच्या खोलीत बाबा स्प्रिंगा वळायचे. चावीवाल्या काकू स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून चाव्यांना खाचा पाडायच्या आणि एक डोळा शेगडीवर ठेवायच्या. गल्लीच्या टोकाला, जिथं गटार उघडं होतं, तिथं मुलामेकाकांच्या टाक्या होत्या. निकेलचा मुलामा तिथं चढायचा. कुलूप असं दारोदार हिंडत मोठं व्हायचं, आणि त्याला हिंडवायचं काम मामाचं.

त्याच्याकडे एक हातगाडी होती. पितळ खडखडतं म्हणून ट्रेच्या खाली त्यानं मामीची जुनी गोधडी अंथरलेली असायची. कुणाचं तान्हं दुपारी झोपलेलं असलं की त्या दारासमोर तो गाडी ढकलत नसे, ट्रे उचलून छातीशी धरून चवड्यांवर चालत जायचा. इतकी वर्षं एकाच बाजूनं जोर लावून त्याचा उजवा खांदा खाली आला होता. बाबा त्याला चिडवायचे, "मेहुणे, तुमचा फोटो सरळ कधी यायचाच नाही."

तोंड मात्र त्याचं सरळ चालायचं, अखंड. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची भट्टी आज पेटली नाही, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, सगळं मालाबरोबर फुकट पोचायचं. कड्या वाकवणारे दोघे भाऊ एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहून एकमेकांशी बोलत नसत. थोरला म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, माप चुकलंय." पलीकडे ते, "दादा विचारतोय, माप एकदा बघतोस का?" असं होऊन पोचायचं. धाकट्याच्या शिव्याही परत येताना अशाच धुऊन-पुसून यायच्या. मामी म्हणायची, "ह्यांना मी घरात बोलू देत नाही. एक रेडिओ दिवसभर गल्लीत वाजतो तेवढा पुरे." मग मामा तिच्याकडे बघून हसायचा आणि खरंच गप्प बसायचा, पाच मिनिटं.

मी शाळेत असेपर्यंत हे सगळं असंच चाललं. कॉलेजात गेले तेव्हा काम आटायला लागलं होतं. बाहेरून हलकी, स्वस्त कुलपं यायला लागली. नव्या दारांना कुलूप अडकवायची कडीच नसायची, दारातच बसवलेलं असायचं. मुलामेकाका दिवसाआड टाकी तापवायला लागले. ओताऱ्याच्या दोन्ही मुलांनी भट्टीकडे पाठ फिरवली. मामाच्या फेऱ्या कमी झाल्या तसा तो प्रत्येक दारात जास्त वेळ उभा राहायला लागला, काम कमी झालंय हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून असेल.

मग मॅडम आल्या.

उद्योग खात्याच्या त्या अधिकारी होत्या, वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. पहिल्या दिवशी त्या एकट्याच आल्या, गाडी मोठ्या रस्त्यावर सोडून. गल्लीच्या तोंडाशी त्यांना मामा भेटला. त्यांनी विचारलं, "इथं कुलपांचा कारखाना कुठं आहे?" मामा म्हणाला, "तुम्ही त्याच्या आतच उभ्या आहात." मग त्यानं त्यांना दारोदार फिरवलं. मॅडम जमिनीवर बसल्या, काकूंकडून चाव्या कशा घासतात ते समजून घेतलं, बोट कापून घेतलं आणि हसल्या. बाबांच्या शेजारी बसून चहा प्यायल्या. मुलामेकाकांच्या टाकीशी मात्र त्यांचा चेहरा उतरला. हिरवट पाणी सरळ गटारात जात होतं, आणि गटार आमच्या नळाच्या शेजारून वाहायचं. माझ्या आईला त्या वासानं वर्षानुवर्षं खोकला होता.

"हे असं चालणार नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. रागानं नाही. एखाद्या घरातलं आजारपण बघून म्हणावं तसं.

नंतरच्या महिन्यांत त्या बऱ्याचदा आल्या, आणि दर वेळी मामा त्यांच्या बरोबर. राज्य सरकारनं छोट्या उद्योगांचे समूह उभे करायचं धोरण आणलं होतं. शहराबाहेर नव्या औद्योगिक वसाहतीत एक मोठी शेड बांधायची, त्यात सगळ्यांनी मिळून वापरायची यंत्रं ठेवायची, मुलाम्याचं सांडपाणी शुद्ध करायची सोय करायची. आणि फक्त कुलपं नाहीत. बिजागऱ्या, दाराच्या मुठी, नळाचे सुटे भाग असं वेगवेगळं काहीतरी करायला शिकायचं. सरकार बहुतेक पैसे घालणार, कारागिरांनी संस्था काढायची.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मॅडम छान बोलल्या. "तुम्ही एका मालावर उभे आहात," त्या म्हणाल्या. "उद्या तो मालच कुणाला नको झाला तर? पाय एकापेक्षा जास्त हवेत." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आजही पटतं. शेवटी काही विचारायचंय का म्हटल्यावर मामा उभा राहिला.

"मॅडम, सगळं ठीक आहे. फक्त माझी गाडी तिथं कुठं लावायची तेवढं सांगा."

हॉल हसला. मॅडमही हसल्या, मायेनं. "मामा, आता गाडीची गरजच पडणार नाही. ओतकामापासून मुलाम्यापर्यंत सगळं एका छपराखाली. तुमचे कष्ट वाचतील."

"वाचतील की," मामा म्हणाला, आणि खाली बसला. हसणाऱ्यांत तोही होता.

घरी येताना तो आईला म्हणाला, "ताई, माझे कष्ट वाचणार म्हणे."

"आणि पोट?" आईनं विचारलं.

"अगं, एवढं मोठं सरकार आहे. अख्खी गल्ली उचलून नेणार. त्यात एका माणसाला कुठंतरी चिकटवणार नाहीत का?"

हे तो नुसतं बोलायला म्हणून बोलला नाही. त्याचा खरोखर विश्वास होता. सरकारनं आपल्याला पाहिलं, आपल्या गल्लीत जमिनीवर बसून चहा प्यायला, याचा त्याला इतका आनंद झाला होता की तो मॅडमच्या वतीनं गल्ली पालथी घालायला लागला. जे तयार होत नव्हते त्यांना त्यानं तयार केलं. कड्यावाल्या दोघा भावांना त्यानं एकाच संस्थेत आणून बसवलं; एकमेकांचं तोंड न बघता दोघांनी सह्या केल्या. सर्वांत अवघड गेले ते मुलामेकाका. त्यांची बायको वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती, आणि काका खाली टाकीशी काम करत कान वर ठेवून असायचे.

"मी तिकडे दहा-बारा किलोमीटरवर जाऊन बसलो, आणि हिनं हाक मारली तर?" काका म्हणाले.

"गल्ली काय मेलीय?" मामा म्हणाला. "मी आहे ना. मी ऐकीन."

"तू दिवसभर फिरतोस."

"मग फिरता फिरता ऐकीन. काका, तुमच्याशिवाय तिथं एक कुलूप चकाकणार नाही. मॅडम म्हणाल्या, मुलामेवाला नसेल तर शेडच मंजूर होणार नाही. सगळ्यांचं अडेल."

काका बराच वेळ हातमोज्यांवरचे डाग बघत बसले. मग म्हणाले, "तू म्हणतोस म्हणून."

संस्थेत नावं घालायची वेळ आली तेव्हा मामाही गेला. मी त्याच्या बरोबर होते, कारण लिहायचं असलं की तो मला न्यायचा. मॅडमच्या टेबलावर पंखा फडफडत होता. त्यांनी सगळं भरलं, आणि एका जागी थांबल्या.

"मामा, इथं उत्पादन लिहावं लागतं. तुम्ही नेमकं काय तयार करता म्हणून लिहू?"

मामानं विचार केला. खरंच केला. "मी... उशीर होऊ देत नाही," तो म्हणाला.

मॅडम हसल्या, आणि लगेच त्यांचं हसू गेलं. योजनेत यंत्र चालवणाऱ्याला जागा होती, हातानं घासणाऱ्यालाही होती, पण नुसतं इकडचं तिकडे नेणाऱ्याला नव्हती. त्यांनी खोटं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढं तपासणीत मामाच अडकला असता. त्यांनी वेगळा प्रस्ताव केला, समूहातली अंतर्गत वाहतूक म्हणून एक जागा द्यावी असा. तो वर गेला. वरून विचारणा आली, त्यांनी उत्तर दिलं. पुन्हा विचारणा आली. मी दोनदा मामाबरोबर गेले, दोन्ही वेळा मॅडमनी आम्हाला बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि समोर फोन लावला. फोनवर त्या आर्जवानं बोलत होत्या. म्हणजे आमच्यापेक्षा मोठ्या माणसालाही कुणाची तरी आर्जवं करावी लागत होती. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा त्यांची बदली झालेली होती. नवे साहेब चांगलेच होते. म्हणाले, "प्रस्ताव नामंजूर नाही झालाय. पण मंजूरही नाही." मामानं त्यांचे आभार मानले.

शेड झाली. खोटं कशाला बोलू, सुंदर झाली. उंच छप्पर, भरपूर उजेड, पिण्याच्या पाण्याची सोय, बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं. मुलाम्याची टाकी बंदिस्त. पाणी शुद्ध होऊन बाहेर पडायचं. टाक्या गल्लीतून गेल्या तशी थोड्याच दिवसांत आईची रात्रीची ढास थांबली. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, म्हणजे ऐकू आलं नाही, म्हणून कळलं.

पण गल्ली अख्खी गेलीच नाही. बाबा गेले, मुलामेकाका गेले, कड्यावाल्यांतला धाकटा गेला. थोरला ऐन वेळी अडून बसला: जिथं तो, तिथं मी नाही. ओताऱ्यानं हात वर केले, म्हणाला, या वयात नवी भट्टी कोण शिकणार. आणि बायकांना जाणंच शक्य नव्हतं. चावीवाल्या काकू दोन बस बदलून सकाळी आठला तिथं पोचणार, तर शेगडीवर डोळा कोण ठेवणार? मामी आणि तिच्या बरोबरीच्या सगळ्या घरातली कामं उरकून मधल्या वेळात बॉडी घासायच्या. तिकडे मधला वेळ नावाची गोष्टच नव्हती. कामाला लागलं की संध्याकाळपर्यंत काम. मॅडमनी सभेत हे कुणाला विचारलं नव्हतं, आणि आमच्याही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

म्हणजे कुलूप अर्धं गल्लीत आणि अर्धं शेडमध्ये. त्यामुळे सुरुवातीला मामाला काम मिळालं, आधीपेक्षा जास्त. हातगाडी इतक्या लांब ढकलणं अशक्य, म्हणून त्यानं ती एका भाजीवाल्याला दिली आणि घासलेल्या बॉडी, चाव्या पिशव्यांत भरून बसनं न्यायला लागला. दोन्ही हातांत दोन, पाठीवर एक. पहिल्यांदा कंडक्टर चेष्टा करायचे, मग वैतागायला लागले.

"काका, ही बस आहे, मालगाडी नाही."

"मांडीवर घेतो ना," मामा म्हणायचा, आणि पितळेची पिशवी तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन बसायचा. उतरताना पायांना मुंग्या आलेल्या असायच्या, दांडा धरून उभा राहायचा.

एके दिवशी बस बिघडली. एके दिवशी चाव्यांची पिशवी गर्दीत फाटली आणि लोकांच्या पायांत चाव्या सांडल्या. काही हरवल्या, आणि ज्या कुलपांच्या त्या चाव्या होत्या ती कुलपं वाया गेली. पूर्वी माप चुकलं तर बाबा दारातून हाक मारायचे आणि तासाभरात दुरुस्त होऊन यायचं. आता चूक शेडमध्ये कळायची आणि दुरुस्ती गल्लीत व्हायची. मध्ये दोन दिवस जायचे. व्यापाऱ्यानं एकदा माल परत केला, दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा मागवलाच नाही.

त्याच सुमाराला शेडला एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. आपोआप मिटणाऱ्या दारांच्या बिजागऱ्या. त्यात जाड तारेची स्प्रिंग लागते. बाबा नव्या यंत्रावर शिकले, लवकर शिकले, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बारमाही काम मिळालं. धाकटा कड्यावाला मुठी वाकवायला लागला. मुलामेकाका सकाळी पांढरा कोट घालून यंत्राची बटणं दाबायला लागले. योजना फसली असं मी म्हणूच शकत नाही. माझी शेवटच्या वर्षाची फी त्या बिजागऱ्यांतूनच भरली गेली.

फक्त कुलूप थांबलं. अमुक दिवशी थांबलं असं सांगता येणार नाही. मामीनं घासून ठेवलेला एक ट्रे कुणी न्यायला सांगितला नाही, एवढंच. तो बरेच दिवस दारामागं पडून होता. मग तिनं तो पलंगाखाली सरकवला आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पोळ्या लाटायच्या कामाला लागली.

मामाचं काय करायचं, याचा बाबांनी खूप विचार केला. एक दिवस संस्थेच्या लोकांना सांगून त्यांनी त्याला शेडमध्ये मदतनीस म्हणून नेलं. हंगामी, बघू पुढं म्हणून. त्या दिवशी बाबांचा डबा घरी राहिला होता, म्हणून मी तो घेऊन गेले, आणि जे बघायला नको होतं ते बघितलं.

बाबांच्या यंत्रापाशी स्प्रिंगांचा ट्रे भरला होता. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या आखलेल्या, त्यावरून एक ट्रॉली आपली आपण फिरायची, प्रत्येक टेबलाशी थांबायची, माल घ्यायची आणि पुढं जायची. मामानं ट्रे उचलला. खांदा खाली घेऊन, नेहमीच्या चालीनं तो जुळणीच्या टेबलाकडे निघाला. वाटेत मुलामेकाका दिसले तसा म्हणाला, "काका, काकू आज दूध प्यायल्या बरं का, मी बघून आलो." काकांनी मान वर केली, पण त्यांना यंत्राजवळून हलता येईना. तेवढ्यात तरुण सुपरवायझर धावत आला.

"काका, काका, राहू द्या. ते ट्रॉली करते."

"ती येईपर्यंत मी पोचतो की."

"तसं नाही. तिथं मोजणी होते ना. तुम्ही नेलं की मोजणी चुकते." तो मुलगा अगदी अदबीनं बोलत होता. त्यानं मामाच्या हातातून ट्रे घेतला आणि परत होता तिथं ठेवला. ट्रॉली आली, थांबली, ट्रे घेऊन गेली. मामा पिवळ्या पट्टीच्या कडेला उभा राहिला. मग त्याला वाटेत उभं राहू नका म्हणून सांगण्यात आलं, तेही अदबीनं.

बाबांनी सगळं पाहिलं. त्यांच्या यंत्रात तार चालू होती. हात काढला असता तर तार तुटली असती. त्यांनी हात काढला नाही. मी डबा ठेवून निघाले.

मामा तीन-चार दिवस गेला, मग म्हणाला, "दाजी, तिथं मला काही अडचण नाही, माझीच तिथं अडचण होते." त्यानंतर तो गेला नाही.

मुलामेकाकांना दिलेला शब्द मात्र त्यानं पाळला. रोज सकाळी काका बसला गेले की तो त्यांच्या जिन्याच्या पायरीवर येऊन बसायचा आणि वरची हाक ऐकायचा. पाणी द्यायचा, कूस बदलायची असली की शेजारच्या बाईला बोलवायचा. काका त्याचे काही पैसे द्यायला निघाले तेव्हा तो इतका दुखावला की पुन्हा तो विषय निघाला नाही. गल्लीत बोलायला माणसंही फारशी उरली नव्हती. ओताऱ्याच्या भट्टीच्या जागी भाडेकरूंच्या मोटारसायकली लागायच्या. मामाचं बोलणं इतकं कमी झालं की मामीला त्याची भीती वाटायला लागली. "आधी रेडिओ बंद करा म्हणायचे," ती आईला म्हणाली, "आता बटणच सापडत नाही, वन्सं."

बऱ्याच वर्षांनी मॅडम परत आल्या. आता त्या मोठ्या पदावर होत्या. राज्यातल्या सगळ्या उद्योगसमूहांचं प्रदर्शन भरणार होतं आणि ते त्यांच्याकडे होतं. त्या शेड बघून सरळ गल्लीत आल्या, मामाशेजारी पायरीवर बसल्या.

"ओळखलंत का मामा?"

"चालीवरून ओळखलं. अजून पळतच चालता."

थोडं इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "आपल्या समूहाचं नाव अजून कागदोपत्री कुलूप समूहच आहे. स्टॉलवर कुलूप तरी हवं. जुन्या पद्धतीची चार-पाच मिळतील? नाही तर दोन. तुम्ही सगळ्यांना ओळखता."

मी त्या दिवसांत सुटीवर घरी आले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं: मामा दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कापडी पिशवी घेऊन निघाला. गुडघा दुखत असूनही भिंतीचा आधार न घेता पायरी उतरला. मला म्हणाला, "चल, बघ आता. आठवड्यात उभं करतो कुलूप."

बॉडी होत्या. पलंगाखालचा ट्रे मामीनं काढून दिला. पितळ काळं पडलं होतं, पण घासलेलं चांगलं होतं. बाबांनी माळ्यावरून जुनं हातयंत्र काढलं आणि जेवणाच्या सुटीत, बोटांना सवय नसताना, पातळ तारेच्या चार स्प्रिंगा वळल्या. मामा खूश झाला. मग थोरल्या कड्यावाल्याकडे गेलो. तो आता एकटा होता.

"कडी?" तो म्हणाला. "मी कापायचो. वाकवायचा तो. साचा मी भंगारात घातला."

"मग त्याला विचारतो. तुमच्याकडून काय सांगू?"

थोरला भिंतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "काही नको सांगूस. विचार फक्त." निरोप बदलून सांगायला मामाला काही मिळालंच नाही. धाकट्यानं शेडमध्ये एका मुठीची सळई वाकवून पाहिली. ती जाड होती, बॉडीच्या भोकांत बसेना.

चावीवाल्या काकू मुलीकडे राहायला गेल्या होत्या. मी मामाला फोन लावून दिला. त्यांचा आवाज ऐकून तो मोठ्यानं, जुन्यासारखं बोलला. त्या पलीकडून म्हणाल्या, "अरे, मला आता सुईत दोरा दिसत नाही. चावी कुठली रे करतोस?" आणि मग म्हणाल्या, "सगळे बरे आहेत ना?" तो म्हणाला, सगळे बरे आहेत.

मुलामेकाकांनी सुपरवायझरला विचारलं. चार नगांसाठी टाकी चालवता येत नाही. शंभराच्या खाली यंत्र घेतच नाही. "माझ्या हातात नाही रे," काका म्हणाले, आणि आपल्या स्वच्छ हातांकडे त्यांनी असं पाहिलं की मामानंच त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मॅडम आल्या तेव्हा मामानं पिशवीतून बॉडी आणि स्प्रिंगा काढून पायरीवर मांडल्या. "एवढं झालं," तो म्हणाला. "बाकीचं माणसांत अडकलंय."

त्यांच्या ड्रायव्हरनं सुचवलं की बाजारात दुकानातून घेऊ या, कुणाला कळणार आहे. मॅडमनी नकारार्थी मान हलवली. त्या काळ्या पडलेल्या बॉडीवरून अंगठा फिरवत बसल्या. "असू दे मामा. आपण बिजागऱ्या ठेवू." उठताना त्यांनी विचारलं, "तुमच्यासाठी काही करता येईल का?" मामानं हात जोडले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या गेल्या. त्यांच्याही हातात काही नव्हतं, हे आम्हाला कळत होतं.

प्रदर्शनाला स्टॉलवर उभं राहायला संस्थेनं बाबांना पाठवलं. त्यांचा फोटो पेपरात आला, हातात बिजागरी, वर छापलेलं: कुलूप समूहाची नवी झेप. बाबा परतले ते सामान आत न टाकता सरळ आमच्या पायरीवर मामाशेजारी येऊन बसले. मी दारात उभी होते.

"तू माझ्यावर चिडत का नाहीस?" बाबा म्हणाले. आवाज चढलेला होता.

"कशासाठी दाजी? तुम्ही गेला नसता तर आज दोघंही बसलो असतो. पोरीचं शिक्षण राहिलं असतं."

"मग मॅडमवर चिड. त्यांनी आणलं हे सगळं."

"त्या बिचारीनं काय वाईट केलं? ताईचा खोकला थांबला."

"मग सरकारवर चिड! कुणावर तरी चिड की रे!"

मामा विचार करायला लागला. मॅडमच्या टेबलाशी केला होता तसा, अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून. बाबा वाट बघत होते. समोरून भाडेकरूंपैकी कुणीतरी गाडी लावून गेलं.

"नाही सुचत दाजी," मामा शेवटी म्हणाला. आपल्याला एवढंही जमत नाही याची त्याला शरम वाटत असावी, कारण त्यानं बाबांकडे पाहिलं नाही.

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आईनं आतून दोघांना जेवायला हाक मारली. "येतो," बाबा म्हणाले, पण दोघेही लगेच उठले नाहीत.